मशीन आहे ना

आमच्या घरात फूड प्रोसेसर आला तो माझ्या सोयीसाठी. असं आमचे हे सांगतात, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, सिलिंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा. "हिच्यासाठी घेतला हो. किती वर्षं हाताने कापत-किसत बसायचं?" समोरचा माणूस माझ्याकडे कौतुकाने बघतो. मी हसते. काय करणार? त्या वेळी बहुतेकदा माझ्या एका हातात त्याच मशीनचं पातं असतं आणि दुसऱ्या हातात जुना टूथब्रश, पात्याखाली चिकटून बसलेला लसूण खरवडायला.

आम्ही पनवेलजवळ सुकापूरला तळमजल्यावर राहतो. मुलगी लग्न होऊन गेली, आता घरात तीन माणसं: हे, मी आणि सासूबाई. हे न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते. जन्मभर कंटेनर आणि कागद जुळवत बसले आणि गेल्या वर्षी रिटायर होऊन हॉलमधल्या सोफ्यावर आले. सासूबाई उरणकडच्या, तरुणपणी मिठागरात राबलेल्या. आता हात थरथरतात, पण जीभ चांगली शाबूत आहे. मी घाटावरची. आमचं लग्न कसं जमलं ती वेगळी कथा, पण इतकी वर्षं झाली तरी सासूबाई रागावल्या की मी घाटी आणि खूश असल्या की पोरी.

आणि मशीन आलं त्यामागचं खरं कारण स्वयंपाक नव्हतंच. मला पोहायला शिकायचं होतं.

हसा. सगळे हसलेच. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरतात, आणि म्हणे पोहायचंय! पण माझ्या सासरची माणसं पडली पाण्यातली. घरातलं शेंबडं पोरही खाडीत उडी मारतं. लग्नानंतर पहिल्यांदा उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला निघालो, तेव्हा मी डोळे गच्च मिटून नणंदेचा दंड धरून बसले होते, तो थेट भाऊचा धक्का येईपर्यंत. तिच्या दंडावर माझी नखं उमटली. ती गोष्ट आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशाला सांगितली जाते, आणि सांगणारी नणंद दर वेळी बाही वर करून दाखवते, जणू खुणा अजून आहेतच. मला कुठली शर्यत जिंकायची नव्हती. एकदा पाण्यावर उताणं पडावं आणि डोळे उघडे ठेवावेत, एवढीच हौस होती. मनातल्या मनात कितीतरी वर्षं होती.

जवळच एका क्लबच्या तलावावर बायकांची बॅच सुरू झाल्याचा बोर्ड दिसला आणि मी आत जाऊन चौकशी केली. बॅच संध्याकाळी सहा ते सात. झालं! आमच्याकडे जेवायला आठ म्हणजे आठ. बंदरात जहाज एक वेळ उशिरा लागेल, आमच्या ह्यांची भूक नाही. आठला ताट हवं म्हणजे सहापासून माझे हात चालायला हवेत.

मी घरी विषय काढला. हे वाईट माणूस नाहीत हं. नाही म्हणत नाहीत. आमच्या घरात नाही कुणीच म्हणत नाही, सगळे "बघू" म्हणतात, आणि त्या "बघू"मध्ये माझ्या कितीतरी गोष्टी जाऊन पडलेल्या आहेत. पण या वेळी ह्यांनी खरोखर बघितलं. दोन दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि एका सकाळी जाहीर केलं, "फूड प्रोसेसर घेऊ. तोच कापेल, तोच किसेल, तोच मळेल. तुझा तास वाचेल. तू खुशाल जा पोहायला." खरं सांगते, मला भरून आलं. एवढ्या वर्षांत माझ्या तासाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तास माझा असतो हेच मुळात मला नवीन होतं.

खोकं आलं. ह्यांनी चष्मा लावून माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, मोठ्याने. एकेक भाग बाहेर काढून टेबलावर मांडला आणि पुस्तकातल्या चित्राशी पडताळून पाहिला. कापायची चकती, किसायची चकती, कणीक मळायचं पातं, नारळ खवायचं टोक, संत्र्याचा रस काढायची वाटी आणि एक अशी वस्तू, जी काय करते ते आजतागायत कळलेलं नाही. मग गाजर घातलं, झाकण फिरवून बसवलं, बटण फिरवलं. काय तो आवाज! सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ही मशीन हाय का कुत्रा? भुंकतंय कसं!" त्या म्हणाल्या आणि देवासमोर जाऊन बसल्या.

गाजर मात्र क्षणात किसून झालं. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. झालं तुझं काम." एवढं करून हे हॉलमध्ये गेले. किसलेलं गाजर, ओला बाऊल, दोन चकत्या, झाकण, दांडा आणि टेबलभर उडालेले तुकडे माझ्याकडे राहिले. बाकी माझं काम झालं होतं.

मी पोहायला जाऊ लागले. पहिला आठवडा मजेत गेला. मग काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण ते इतक्या हळू झालं की मला स्वतःलाही उशिरा कळलं. आधी आमच्याकडे कोशिंबीर एक व्हायची, सणासुदीला दोन. आता मशीन आहे ना, म्हणून रोज दोन झाल्या. आधी वाटण आदल्या दिवशीचं फ्रीजमधलं चालायचं. आता मशीन आहे ना, ताजं का नको? गाजर हलवा हिवाळ्यात एकदा करायचे, तो जून महिन्यात मागितला गेला. बटाट्याचे काप एकसारखे पातळ हवेत. पाहुण्यांना आधी चहा-बिस्किटं पुरायची, आता ह्यांना त्यांना मशीन दाखवायचं असतं आणि नुसतं मशीन कसं दाखवणार? त्यातून काहीतरी निघायला नको का? एकदा उत्साहाच्या भरात मी तांदळाच्या भाकरीची उकडही त्यात घातली, तर त्याचा असा काही चिकटा झाला की ताटलीत पडेना. सासूबाईंनी तो बोटाने उचलून बघितला आणि विचारलं, "पोस्टर चिकटवायचं हाय?"

आणि धुणं! वाचलेला तास मोरीत जायचा. विळी धुवायला काय लागतं? पाणी मारलं की झालं. या राजेश्रींचे सगळे अवयव सुटे करायचे, घासायचे, पुसायचे, वाळवायचे, परत बसवायचे, आणि एखादा जरा तिरका बसला की हे महाराज चालूच व्हायचे नाहीत. तलावावरून सातला निघून घरी येऊन सगळं करेपर्यंत साडेआठ व्हायचे, कधी पावणेनऊ. हे काही बोलायचे नाहीत. फक्त हॉलमधून अधूनमधून विचारायचे, "अगं, मशीन आहे ना, मग एवढा वेळ कसा लागतो?" माझं डोकं तापायचं. एकदा मी आतूनच ओरडले, "मशीनला विचारा!"

मग एका रविवारी हे अगदी प्रेमाने म्हणाले, "झालं की आता महिनाभर. आलं असेल की तुला थोडंफार पोहायला."

आलं कुठलं? मला फक्त काठाचा दांडा धरून पाय आपटता येत होते. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान, ती रोज म्हणायची, "काकू, दांडा सोडा." माझा हात सुटायचा नाही. पण घरी हे कसं सांगणार? आठऐवजी नऊला जेवणारा माणूस समोर बसलेला असताना दांड्याची गोष्ट कशी काढणार? "सोडते मी क्लास," मी म्हणाले.

"तुझी मर्जी," हे म्हणाले. "मी काही नको म्हटलेलं नाही हं." तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोबी घेऊन ओट्याशी उभी होते. पोहायचे कपडे मी धुऊन, घडी घालून कपाटात खाली ठेवून दिले होते. मला इतकं वाईट वाटत होतं की कोबीचा राग येत होता. सासूबाई आत आल्या. मशीन आल्यापासून त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात यायच्याच नाहीत.

"गेली नायस?"

"सोडलं, आई."

"कशाला?"

"जेवायला उशीर होतो."

"कोनाला?"

मी हॉलकडे मान केली. तिथे बातम्यांवर चार माणसं एकदम भांडत होती. सासूबाईंनी थोडा वेळ तिकडे कान दिला, मग माझ्या हातातला कोबी काढून घेतला.

"जा तू. मी लावते मशीन."

"तुम्ही? तुम्हाला तर भीती वाटते त्याची."

"मिठागरात पायाखालून साप जायचे. त्यांना नाय भ्यायले. ह्या डब्याला भिऊ? जा, कापडं घे."

असा आमचा कट ठरला. स्वयंपाकघराला मागच्या बाजूला एक लहान दार आहे. आणि हॉलकडचं दार मशीन चालू असताना लावून घ्यायचा हुकूम खुद्द ह्यांचाच होता, बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून. मी दुपारीच सगळी तयारी करून ठेवायची: भाज्या धुऊन, नारळ फोडून, मासे साफ करून. साडेपाचला हॉलकडचं दार लावायचं आणि मागच्या दाराने बाहेर. हॉलमधल्यांच्या लेखी मी क्लास सोडलेली, आत राबणारी बाई होते.

सासूबाईंचं मात्र भलतंच झालं. थरथरत्या हातांना सुरी धरवत नव्हती, विळी तर मीच लपवून ठेवली होती, पण बटण फिरवायला काही लागत नाही. कित्येक वर्षांनी त्यांच्या हातून खोबरं बारीक होत होतं, लसूण वाटला जात होता. मी परत आले की मला बाऊल दाखवायच्या. "बग, कसं लोन्यावानी झालंय!" माझ्यासाठी आणलेलं मशीन अखेर कुणाच्या तरी सोयीचं झालं होतं.

त्यांनी एक युक्तीही शोधली होती. ती त्यांनी मला हसून हसून डोळे पुसत सांगितली. मशीन फार वेळ गप्प राहिलं की हॉलमधून हाक यायची, "अगं, चहा होईल का?" किंवा "आज मासे आहेत का गं?" हाक आली की सासूबाई बटण फिरवायच्या. घर्रर्र! हाक बंद. "तो ओरडला का मी फिरवते," त्या म्हणाल्या, "त्याला वाटतं तू कामात हायस. मंग गप बसतो."

पण या युक्तीला काहीतरी दळायला लागतं. त्यामुळे आमच्या घरात सगळ्याचं पीठ व्हायला लागलं. कोबीची भाजी चमच्याने खावी लागे. चटणी पाण्यासारखी व्हायची. दाण्याच्या कुटाने तर घरातले सगळे रिकामे डबे भरले, शेजारणीला दोनदा देऊन झालं. एकदा जेवताना हे म्हणाले, "हल्ली सगळं फारच बारीक होतं, नाही?"

"दातांना बरं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात एकही दात नाही.

माझ्या ओल्या केसांचा प्रश्न होता. "आज पुन्हा डोकं धुतलंस?" हे विचारायचे. मी म्हणायचे, उकडतंय किती. पनवेलमध्ये हे उत्तर बारा महिने चालतं. मला पकडले जायची धास्ती होतीच, पण खरं सांगू? मजाही येत होती. रिक्षातून उतरून मागच्या बोळातून पिशवी काखेत दाबून यायचं, दारावर टिचकी मारायची, आणि आतून सासूबाईंनी कडी काढायची. लग्नाआधीही मी असलं काही केलं नव्हतं.

आणि एका संध्याकाळी माझा हात दांड्यावरून सुटला. कसा सुटला कुणास ठाऊक. शिकवणारी मुलगी मानेखाली हात धरून होती, मग तो हातही तिने काढला आणि मला ते कळलंच नाही. वर पत्र्याचं छत होतं, त्याखालच्या लोखंडी तुळईवर एक कबुतर इकडून तिकडे चालत होतं. मी त्या कबुतराकडे बघत होते. कानात पाणी, कसलाच आवाज नाही. घर नाही, आठ नाहीत, कुणी काही मागत नाही. किती वेळ ते मला माहीत नाही. मग मला एकदम जाणवलं की मी पाण्यावर आहे, आणि लगेच घाबरून नाकातोंडात पाणी घेतलं. पण ते झालं होतं! बाहेर आले तेव्हा मी हसत होते. घरी जाऊन कधी सांगते असं झालं मला. सासूबाईंना तर सांगणारच, पण रिक्षात बसल्यावर वाटलं, ह्यांनाही सांगावं. शिव्या घालतील तर घालतील.

बोळात शिरले तर जळक्या वायरीचा वास. मागचं दार सताड उघडं. म्हाताऱ्या माणसाला विजेच्या वस्तूशी एकटं सोडून मी पाण्यात खेळत होते, हे एवढंच डोक्यात आलं आणि मी धावतच आत शिरले.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, धडधाकट. टीव्ही बंद होता. ओट्यावर मशीन होतं, त्याच्या बुडाशी काळं झालेलं आणि आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ. आणि खाली जमिनीवर, मी लपवलेली विळी शोधून काढून, तिच्यावर एक पाय दाबून आमचे हे बसले होते. कोबी चिरत होते. चिरत कसले, एकेक फोड एवढी मोठी की रश्शात बुडली नसती.

"बोटं आत घे," सासूबाई सांगत होत्या. "आत, आत. कापशील ना!"

काय झालं ते सासूबाईंनी मागाहून सांगितलं. वडे करायचे म्हणून मी डाळ भिजवून ठेवली होती. त्या दिवशी हॉलमधून हाका जास्त आल्या, सासूबाईंनी पाण्याचा थेंबही न घालता घट्ट डाळ दळायला लावली आणि हाक परत येऊ नये म्हणून बटण फिरवलेलंच ठेवलं. मशीनने बराच वेळ कळ काढली, मग धूर सोडला आणि गप्प झालं. आवाज बंद झाला, तशी ह्यांनी हाक मारली. परत मारली. उत्तर नाही म्हटल्यावर उठून आत आले. तोवर सासूबाईंनी प्लग ओढून धूर जाण्यासाठी मागचं दार उघडलं होतं.

ह्यांनी मान वर केली. माझे ओले केस बघितले, काखेतली पिशवी बघितली.

"तू क्लास सोडला होतास ना?"

"नाही."

"म्हणजे रोज..."

"हो, रोज."

"आई, तुला माहीत होतं?"

"मीच धाडली," सासूबाई म्हणाल्या. "बोटं आत घे."

हे रागावतील असं मला वाटलं होतं. उत्तरं तयार होती माझी, एकापेक्षा एक कडक. पण हे रागावले नाहीत. विळीवर बसल्या बसल्या, अगदी गोंधळून, लहान मुलासारखे म्हणाले, "अगं, पण मला वाटलं तू आत आहेस. आवाज येत होता."

मला हसू यायला हवं होतं. कट आमचाच, तो इतका छान साधला होता, मी तर खूश व्हायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी मी या घरात नव्हते आणि या माणसाला काही कमी पडलं नव्हतं. घरघर चालू होती, ताट वेळेवर येत होतं, मग बायको आहे की नाही हे बघायला दार कशाला उघडायचं? ह्यांनी मला फसवलं नव्हतं, मीच ह्यांना फसवलं होतं, आणि तरी रडू मलाच येत होतं.

"मी आज तरंगले," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

सासूबाईंनी टाळी वाजवली. ह्यांनी विळीवरून उठायचा प्रयत्न केला, पाय अवघडला होता म्हणून परत बसले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. बोलायची सवय नाही हो. त्यांनी जळलेल्या मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना जे येतं ते बोलले.

"उद्या नवीन आणू. याच्यापेक्षा मोठं. चांगल्या मोटरचं."

"काय नको," सासूबाई म्हणाल्या. "मशीन नसली तं आत कोन हाय ते बगायला तरी येशील."

ह्यांनी पुढची फोड विळीला लावली, या वेळी बोटं आत घेऊन. मी पिशवी खाली ठेवली आणि आजवर मोरीत लपवून वाळवायचे ते ओले कपडे पुढच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला, वाळत घालायला गेले.